शेळकेकाकांचे पाच ‘का’

शेळकेकाकांच्या तळघरात गुडघाभर पाणी होतं आणि काका जिन्यावर उभे राहून मला विचारत होते, “सुनीलराव, पाणी का आलं?”

“काका, बाहेर पाऊस कोसळतोय!”

“पाऊस सगळ्यांकडेच पडतोय. माझ्याच तळघरात का?”

चाकणच्या एका कंपनीत काकांची सगळी नोकरी मेंटेनन्समध्ये गेली. तिथली शिस्त अशी की मशीन बंद पडलं की पाच वेळा ‘का’ विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. काका रिटायर झाले, शिस्त झाली नाही. एकदा दूधवाला उशिरा आला. बिचारा चौथ्या ‘का’ला सासुरवाडीच्या भांडणापर्यंत पोचला होता.

चिखलीत आमच्या रो-हाउसची ओळ आहे. काकांची नि माझी भिंत एकच. त्यांच्याकडे पाणी तुंबलं की माझ्या भिंतीला ओल. नुकताच दिलेला रंग, त्याचे पोपडे निघायला लागले. म्हणून जोराचा पाऊस आला की मी बादली घेऊन हजर, आणि माझ्यामागे अख्खी ओळ.

काका आधी सगळ्यांना पिवळी हेल्मेटं वाटायचे. “सेफ्टी फर्स्ट, राव!” अहो, पाणी पायात, हेल्मेट डोक्यावर कशाला? पण ऐकतंय कोण! मग जिन्यात साखळी करून बादल्या हातोहात वर. मध्येच शिट्टी वाजायची, “टी ब्रेक!” काका आलं ठेचून चहा करायचे, माझी बायको त्यांच्या स्वयंपाकघरात भजी तळायची. चहा फक्कड असायचा, हे कबूल. पंप आणू म्हटलं की मात्र ठरलेलं उत्तर, “आधी मूळ कारण सापडू दे.”

ते काही सापडेना. शेवटी गेल्या रविवारी उघडीप मिळाली तसा मीच त्यांच्या घरामागे गेलो. बघतो तर काय! गच्चीवरून येणाऱ्या पाइपाचा खालचा कोपर, म्हणजे पाणी बाहेर वळवणारा वाकडा तुकडा, काढलेला आणि पाइपाचं तोंड थेट तळघराच्या झरोक्यात. कोपर शेजारीच, स्वच्छ पुसून पिशवीत गुंडाळलेला. इतकं टापटिपीचं काम करणारा माणूस आमच्या ओळीत एकच.

माझं डोकंच फिरलं. तसाच आत गेलो.

“काका, पाणी का आलं?”

“पाइपातून आलं.”

“पाइपातून का?”

“कोपर नाही त्याला.”

“का नाही?”

“काढलाय.”

“का काढलात?”

काका हातातलं हेल्मेट पुसत राहिले. “पहिल्या वेळी तो आपोआपच निसटला होता. तुम्ही सगळे धावत आलात. तुमची मिसेस स्वयंपाकघरात शिरली. ही गेल्यापासून पहिल्यांदा घरात भांड्यांचा आवाज झाला. लेक हिंजवडीला. तसं जवळच, पण त्या ट्रॅफिकमधून ती कधी येणार?”

“मग आम्हाला नुसतं बोलवायचं ना! का नाही बोलवलंत?”

“काम नसताना कुणाला कसं बोलवायचं, राव?”

पुढे विचारायला माझ्याकडे ‘का’ उरला नाही. भिंतीचा राग कुठल्या कुठे गेला. मी मागे जाऊन कोपर बसवून टाकला.

बुधवारी धो धो पाऊस झाला. तळघर कोरडं ठणठणीत. संध्याकाळी आम्ही सगळे रिकाम्या बादल्या घेऊन काकांच्या दारात उभे राहिलो.

“पाणी नाही आज,” काका गोंधळून म्हणाले. “मग का आलात?”

“मॉक ड्रिल!” माझी बायको म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. “हेल्मेटं काढा. कांदे कुठे ठेवलेत?”

काकांनी हेल्मेटं वाटली. मग शिट्टी तोंडात धरली, पण ओठ थरथरत होते. ती काही केल्या वाजेना.