रजेवरचा बैल

समोरचा कागद वाचल्याशिवाय मी हात वर करत नाही! हे वाक्य मी आमच्या नगरपालिकेत इतक्यांदा ऐकवलं होतं, की भिंतीवर रंगवायचंच तेवढं बाकी होतं. बायकांच्या राखीव जागेवर मी निवडून आले, तेव्हा अध्यक्ष आबासाहेब म्हणाले होते, “वहिनी, तुम्ही फक्त माझ्याकडे बघून हात वर करत जा.” झालं! शाळा चौथीपर्यंत, पुढची सगळी विद्या वाणसामानाच्या पुड्या वाचून मिळवलेली. मी कशाला कुणाकडे बघतेय?

त्या महिन्यात साळूबाई कुंभारणीचा अर्ज आला. पोळ्याला पालिकेचा कचरागाडीचा बैल, तांबड्या, शिंगं रंगवून मिरवणुकीत निघाला, ताशाला बुजला आणि थेट तिच्या दुकानात घुसला. मातीच्या बैलांच्या चाळीस जोड्यांचा चुरा! ती चाळीस रुपये भरपाई मागत होती. पावसानं पाठ फिरवलेलं वर्ष. त्या चाळिसांत तिची दिवाळीपर्यंतची ज्वारी होती.

“बाई, तुमीच बोला. तुमचं ऐकत्यात समदे.”

“अगं, असं बोलते, की पंखा थांबेल!”

सभा दुपारी तीनला. साळूबाई दाराशी पदर सावरून बसलेली. अर्थ समितीचे गहिनीनाथ उठले. हा माणूस पालिकेची टाचणीसुद्धा मोजून देई.

“बैल पालिकेचा, मान्य! पण पोळ्याला बैलाला सुट्टी असते. रजेवरच्या बैलानं केलेल्या नुकसानीला पालिका जबाबदार नाही!”

“मग त्या दिवशीची पेंड कुणी घातली?” मागून कुणीतरी विचारलं.

“ती पगारी रजा!”

मी उठणार, तेवढ्यात आबासाहेब म्हणाले, “आधी महिन्याचा जमाखर्च होऊ द्या, मग मतं घेऊ.”

हेडक्लार्क भिमाजी वाचू लागले. दिवाबत्तीचं रॉकेल... झाडूंच्या काड्या... हौदाची डागडुजी... त्यांचा आवाज म्हणजे लांबवर चाललेली मोट! पंखा संथ फिरत होता. खिडकीतून उन्हाचा पट्टा आला होता, त्यात धूळ सोन्यासारखी तरंगत होती. आणि बघते तर काय, त्या उन्हातून साळूबाईचे बैल येत होते! अख्खे, ओल्या मातीच्या वासाचे. एकामागून एक टेबलावर चढले, जमाखर्चाच्या वह्यांवरून उमटणार नाहीत अशा पावलांनी चालले, आबासाहेबांच्या टोपीला वळसा घालून खिडकीबाहेर पडले आणि हिरव्या, चक्क हिरव्या माळावर चरू लागले. शेवटचा एक माझ्यापुढे थांबला. कपाळ रिकामं. म्हटलं, याला कुंकू लावायचं राहिलं वाटतं. मी हात उचलला...

टाळ्या! मी दचकून डोळे उघडले.

“दावा फेटाळावा, असं म्हणणारे सात, भरपाई द्यावी म्हणणारे सहा,” भिमाजी म्हणाले. “मनकर्णाबाईंच्या हातानं निकाल लागला!”

माझा हात अजून वरच होता. बोटं कुंकवाच्या चिमटीत.

 साळूबाई नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्यापेक्षा तांबड्यानं मला तुडवलं असतं तर बरं झालं असतं!

“हे मत माझं नाही!” मी ओरडले.

“हात तुमचाच ना?” गहिनीनाथ हसले.

“हात माझाच. पण मी झोपले होते!”

सभेत हशा पिकला. माझी वर्षभराची ऐट बाकाखाली गेली. म्हटलं, आता गेलीच आहे, तर जाऊ दे!

“हसा! मी घोरले असेन तर तेही लिहा. पण गहिनीनाथराव, रजेवरच्या बैलाला पालिका जबाबदार नाही, तर झोपेतल्या हाताला मी कशी जबाबदार? आणि हात माझाच म्हणत असाल, तर बैलही पालिकेचाच!”

 आबासाहेब खोकल्याच्या आड हसत म्हणाले, “मतं पुन्हा घ्या. आणि वहिनींना आधी चहा द्या.”

सात विरुद्ध सहा! भरपाई मंजूर!

पण कागद कुणाला सोडतो? भिमाजींनी इतिवृत्तात सगळं लिहिलं. वर्षाअखेर नगरहून तपासनीस आले, त्यांनी लाल शाईत शेरा मारला: ‘सदर सदस्या सभेत निद्रिस्त असल्याने त्यांचा बैठक भत्ता रु. २ वसूल करावा.’ केला!

पुढच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी साळूबाई पदराआड काहीतरी घेऊन आली. मातीचा एकच बैल. फतकल मारून बसलेला, डोळे मिटलेले, आणि पुढचा एक पाय वर.

“हा गं कोण?”

“वळखा की, बाई!” असं म्हणत ती हसत हसत पायऱ्या उतरून गेलीसुद्धा.

त्याच्या कपाळाला मी कुंकू लावलं. जागेपणी.