देवधरकाकांचं वरचं कोर्ट

देवधरकाका नव्या माणसाला आधी देश विचारतात, मग नाव. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला: "सही केलीय का तुमच्या देशानं?"

सही म्हणजे अमेरिका खंडातल्या देशांचं मानवी हक्कांचं कोर्ट मान्य केल्याची. स्वतःच्या देशात न्याय मिळाला नाही, तर माणसानं तिथं आपल्याच सरकारला जाब विचारायचा. काका त्याला 'वरचं कोर्ट' म्हणतात. ते निवृत्त इंजिनिअर, इथं कॅनडात, स्कारबरोला बावीस वर्षं आमचे शेजारी. कोणते देश आत, कोणते बाहेर, याचा तक्ता त्यांनी बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनच्या वर चिकटवलाय. मी एकदा ताडून पाहिला. एकही चूक नाही.

आमचा प्लंबर चिलीचा निघाला. काकांनी त्याची पाठ थोपटली, "शाब्बास! सही केलीत!" तो गोंधळून म्हणाला, "सर, सही तुमची हवीय. या कागदावर."

मी एकदा विचारलं, "काका, कुठलं सरकार आपणहून डोक्यावर पंच बसवून घेईल?"

"ज्याला स्वतःची धास्ती वाटते ते! चिलीत लष्करानं माणसं नाहीशी केली. ती राजवट गेल्यावर नव्या सरकारनं सही केली. उद्या आपल्याच घरातून पुन्हा तसलं कोणी उठलं तर?"

"आणि कॅनडा?"

"कॅनडा म्हणतो, आम्ही सज्जन, आम्हाला काय गरज! साने, मला सज्जनांचंच भय वाटतं."

मी तेव्हा हसलो होतो.

घरात ते आणि मालतीकाकू, दोघंच. काकूंना दोन वर्षांपासून काही आठवत नाही.

जानेवारीत एक दिवस अकरा वाजून गेले तरी काकांच्या ड्राइव्हवेवर बर्फ तसाच. एरवी आठच्या आत त्यांचं शोव्हल करून झालेलं असतं. मी बूट चढवतोय तोच ते दारात उभे. टोपी नाही, मोजे नाहीत. त्यांनी माझ्या हातात घराची किल्ली ठेवली.

"बेल वाजवायची नाही. कधीही आत यायचं."

"काकूंना काही झालं का?"

"सकाळपासून तिसऱ्यांदा तिनं स्टोव्ह चालू ठेवला. मी हात उचलला, साने." ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. "मारला नाही. पण उचलला."

"अहो काका, तुमच्यासारखा माणूस..."

"सज्जन ना? तेच म्हणू नका."

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी बेल न वाजवता किल्ली फिरवली. काकू खिडकीपाशी बसल्या होत्या, मागे काका. दाराचा आवाज होताच काकांनी दोन्ही हात वर करून मला दाखवले.

एका हातात कंगवा होता. दुसऱ्यात काकूंची अर्धी घातलेली वेणी.