ठमाबाई वरच बसल्या

रविवारी सकाळी प्रितेशने पिकअप पनवेलच्या मासळी बाजारात उभी केली. "आये, लवकर उतर. मना डोंगरान जायचं हाय."

ठमाबाईंनी दार उघडलं, खाली पाहिलं आणि दार परत लावून घेतलं. "अरे, ही गाडी हाय का नारळाचं झाड?"

मित्र अमजदच्या ग्रुपबरोबर डोंगरातल्या कच्च्या वाटांवर जायचं, म्हणून प्रितेशने मासळीची पिकअप उंच करून घेतली होती. तीही कायद्याने! लोक वाट्टेल ते करतात आणि हवालदार दिसला की गल्लीत शिरतात. हा शहाणा मात्र प्रत्येक नटबोल्टची परवानगी काढत बसला. टायर मडगार्डच्या बाहेर नकोत, नाहीत. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत नको, नाही. चढायला वाढीव पायरी लावली होती, ती आरटीओच्या साहेबांनी "कुणाच्या तरी नडगीला लागेल" म्हणून काढायला लावली. यानेही मुकाट काढली. उरणला घराच्या ओट्यावरून आई सहज सीटवर बसली, त्यामुळे कुणाच्या काही लक्षातच आलं नाही. बाजारात ओटा कुठून आणायचा?

शेजारणीने मासळीचा क्रेट पुढे केला. ठमाबाईंनी पाय टेकताच तो कुरकुरला आणि त्या पुन्हा वर गेल्या.

"थांब, मी उचलून घेतो."

"भरल्या बाजारात? मेली हाय का मी उचलायला?"

तेवढ्यात अमजदचा फोन आला. "भाई, कळंबोलीला सगळे थांबलेत. तेरी पहली ट्रिप है, ये ना जल्दी!"

"आलो, आलो," म्हणेपर्यंत आईचा हुकूम सुटला, "पाटी वर दे."

ठमाबाईंनी दारातून पाय खाली सोडले आणि पाटी मांडीवर घेतली. खांदा कॉलनीतल्या अरुंधतीबाई आल्या. या बाई प्रत्येक माशाचा कल्ला उघडून बघायच्या आणि मग निम्म्या भावात मागायच्या. आज त्यांचा हातच पोचेना.

"ठमाबाई, कल्ले तरी दाखवा!"

"लाल हायेत. घेताय का? मागं लोक हायेत."

आणि लोक खरंच होते. बाजाराच्या त्या टोकावरूनही ठमाबाई दिसत होत्या. काय झालंय ते बघायला जो तो येई आणि सांगितल्या भावात सुरमई घेऊन जाई. खाली मासळी कापायला, पिशवीत भरायला आणि सुटे शोधायला एकटा प्रितेश. डोंगरासाठी घातलेल्या नव्या टीशर्टावर खवले उडत होते.

पुन्हा फोन आला. "आम्ही निघालो रे. अगली बार."

एवढे हेलपाटे, एवढ्या सह्या, आणि गाडी पोचली कुठे? तर मासळी बाजारात. "कशाला झक मारली आणि उंच केली," प्रितेश स्वतःशीच म्हणाला. साधी होती तेव्हा निदान आई उतरून तरी जायची.

बारा वाजायच्या आत पाट्या रिकाम्या झाल्या. ठमाबाईंचा चेहरा फुलला होता.

"बाला, येवढा धंदा कधी झाला नवता. आता दर रविवारी मी वरच बसनार."

"आये, मग मी डोंगरान कधी जाऊ?"

त्याचं बोलणं त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. त्या गर्दीच्या पलीकडे कुठेतरी बघत होत्या.

"पार बाजाराबाहेरच्यांना मी दिसत नवते रं. आजून थोडी उंच करता येल का?"

प्रितेशने सुरमईचं मुंडकं टोपलीत टाकलं आणि मान खाली घातली.

"नाय आये. कायद्यात बसत नाय."