निळ्या वाडग्यातला राजमा

लुडविक झुपाननं त्या दुपारी ठरवलं ते इतकंच, की पोटित्साचं फक्त एक टोक खायचं. टोक म्हणजे काही काप नव्हे. टोकाला अक्रोडसुद्धा बेताचेच असतात.

अक्रोड आणि मधाचं सारण पसरून गुंडाळलेल्या त्या लांब गोड रोट्या त्याची बायको ॲग्नेस दर डिसेंबरात चर्चच्या विक्रीसाठी भाजायची. यंदाच्या बारा पोटित्सा फडक्यात गुंडाळून मागच्या पडवीत ठेवल्या होत्या. कॉपर नॉचसारख्या डोंगरातल्या बर्फाळ गावात डिसेंबरात पडवी असली की शीतकपाट लागत नाही. ॲग्नेस गाण्याच्या तालमीला गेली होती. लुडनं टोक कापलं, खाल्लं आणि मागं सरून पाहिलं. रोटी एका बाजूनं बोडकी दिसत होती, म्हणून दुसरं टोकही कापावं लागलं. आता ती फडक्यातल्या शेजारणीपेक्षा आखूड झाली. मग शेजारणीचीही टोकं काढली. (हा खादाडपणा नव्हता, न्यायाचा प्रश्न होता.)

सोमवारपर्यंत अशी नऊ टोकं झाली. आणि सोमवारीच त्याला तो वाडगा दिसला.

स्वयंपाकघराच्या खिडकीत निळा वाडगा, शेजारी राजम्याची बरणी. ॲग्नेस कणीक मळता मळता थांबायची, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायची आणि बरणीतला एक दाणा वाडग्यात टाकायची. टक्क. पुन्हा कणीक.

"राजमा करतेयस का?" लुडनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नाही."

"मग हे दाणे?"

"असू देत. काही गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात, लुड."

"किती झाले आत्तापर्यंत?"

"नऊ," ॲग्नेस शांतपणे म्हणाली. "पंधरा झाले की झालं."

लुडनं मनातल्या मनात टोकं मोजली. नऊ! नेमके नऊ! आणि पंधरा झाले की झालं म्हणजे काय झालं? संसाराला चाळीस वर्षं झाली होती. आरडाओरडा करणारी बायको परवडली. ॲग्नेससारखी शांत बायको मोजायला लागली की माणसानं सावध व्हावं.

त्याची भीती अगदीच पोकळ नव्हती. गेली बावीस वर्षं गावचा सांता लुड होता. नाताळच्या आधीच्या शनिवारी डोंगरावरून, स्कीवाल्यांना वर नेणाऱ्या तारेवरच्या पाळण्यात बसून तो खाली यायचा, खाली हजारभर पर्यटक मोबाइल वर धरून उभे असायचे, आणि वर्षातला तेवढा एक तास निवृत्त पोस्टमन लुडविक झुपान मोठा माणूस व्हायचा. पण यंदा ब्रॅडली हॉलिस आडवा आला होता, त्यालाही सांता व्हायचं होतं. चारच वर्षांपूर्वी गावात येऊन त्यानं स्कीचं दुकान टाकलं होतं. त्याची दाढी खरी होती! पांढरीशुभ्र, छातीपर्यंत. लुडची डिंकानं चिकटवावी लागे. निकाल सोहळ्याच्या समितीच्या मिसेस पेनरोझ शुक्रवारी देणार होत्या, आणि चर्चच्या विक्रीतला माल खाणाऱ्याला त्या सांता करतील, हे शक्यच नव्हतं. ॲग्नेसनं एक शब्द बोलायचा अवकाश.

म्हणून पंधरा होऊच द्यायचे नाहीत, असं ठरवून त्यानं वाडग्याकडे लक्ष वळवलं.

ॲग्नेस फोन घ्यायला गेली की तो दोन दाणे उचलून खिशात टाकी. कपडे वाळत घालायला गेली की तीन. संध्याकाळी ती वाडगा पुढ्यात घेऊन मोजायला बसे, कपाळाला आठी पडे आणि ती पुन्हा पुटपुटायला लागे. टक्क. बऱ्याच वेळानं टक्क. तोवर चुलीवर काही नसे.

"ॲग्नेस, जेवणाचं काय?"

"पंधरा झाल्याशिवाय मी दुसरं काही करणार नाही."

मग उपाशी माणसानं काय करावं? पडवीत जावं. पडवीत गेलं की टोकांचा आकडा वाढे. आकडा वाढला की खिशात टाकायचे दाणे वाढवावे लागत. दाणे कमी झाले की ॲग्नेस आणखी उशिरापर्यंत बसे. गुरुवारपर्यंत लुडच्या प्रत्येक खिशात राजमा खुळखुळत होता आणि पोटित्सा इतक्या आखडल्या होत्या, की बारा जणींचं गाठोडं चौघींचं वाटे.

रस्त्यात ब्रॅडली भेटला तर हसून म्हणाला, "काय लुड, तब्येत सुधारलेली दिसतेय!"

(याला कुणी सांगितलं? ॲग्नेसनंच! लुडनं पक्कं धरलं, की बायको शत्रूला सामील आहे.)

शुक्रवारी तिन्हीसांजेला तो घरात शिरला तर ॲग्नेस टेबलाशी बसली होती. वाडगा पुढ्यात, डोळ्यांत पाणी.

आलं, लुडच्या मनात आलं. आता सगळं बाहेर येणार.

"लुड, बस जरा," ती म्हणाली. "तुला सांगायलाच हवं. माझं डोकं चालेनासं झालंय."

"म्हणजे?"

"मला पंधरापर्यंत मोजता येत नाही रे. सकाळी सात झाले असं वाटतं, बघते तर चार. आईचं असंच सुरू झालं होतं. आधी चमचे मोजता येईनात, मग माणसं ओळखता येईनात. मी गेले चार दिवस घाबरून बसलेय."

चाळीस वर्षांत त्यानं हिला गव्हाच्या पोत्यापासून ते त्याच्या चुकांपर्यंत सगळं बिनचूक मोजताना पाहिलं होतं. सांताचा लाल अंगरखा क्षणभर त्याच्या डोळ्यांसमोर आला आणि गेला. त्यानं खिशात हात घातला आणि राजम्याची मूठ टेबलावर ओतली. मग दुसऱ्या खिशातली. मग कोटाच्या आतल्या खिशातली.

"तुझं डोकं ठणठणीत आहे," तो म्हणाला. "चोर मी आहे. दाण्यांचाही आणि पोटित्साचाही. एकेचाळीस टोकं खाल्ली मी. मला वाटलं, तू तीच मोजतेयस."

ॲग्नेस आधी दाण्यांकडे आणि मग त्याच्याकडे बघत राहिली. आणि मग इतकी हसली, की पदर असता तर तोंडाला लावला असता, एप्रन लावला.

"देवा, तुझे उपकार! मला वेड लागलेलं नाही! नुसता नवरा खुळा आहे!"

"पण मग तू मोजत काय होतीस?"

"प्रार्थना. नोव्हेंबरअखेरच्या संत अँड्र्यूच्या दिवसापासून नाताळपर्यंत रोज पंधरा वेळा म्हणायची असते. आई म्हणायची, मागणं बोलून दाखवलं की फळ जातं."

"तू काय मागत होतीस?"

"आता काय लपवायचं? यंदाही तुलाच सांता करावं, म्हणून."

लुड खुर्चीत बसला. आपल्याच नवसातले दाणे आपणच पळवले होते! "घालवलं मी सगळं," तो पुटपुटला.

"घालवलंस कुठं?" ॲग्नेसनं डोळे पुसले. तिला कुठल्याही ढगात आधी ऊनच दिसे. "तुझ्यामुळं मी पंधराच्या जागी तीस-तीस वेळा म्हटली. देवाकडे दाणे थोडेच पोचतात?"

तेवढ्यात फोन वाजला. मिसेस पेनरोझ होत्या. समितीनं बराच विचार केला. दाढी काय, चिकटवता येते, पण बावीस वर्षांची सवय कुठून आणायची? यंदाही लुडच.

लुडनं बायकोला उचलायचा प्रयत्न केला. (जमलं नाही, पण भावना पोचली.) ॲग्नेसनं रात्रीच पीठ भिजवलं. विक्रीसाठी नव्या पोटित्सा व्हायच्या होत्या.

शनिवारी दुपारी पाळण्याच्या खोलीत लुडनं लाल अंगरखा चढवला. ॲग्नेसनं त्याच्या मापानं शिवलेला होता. वरचं बटण लागलं. दुसरं लागलं नाही. तिसरं तर काजाच्या दिशेनं बघायलाही तयार नव्हतं.

"श्वास आत घे," ॲग्नेस म्हणाली.

"घेतलाय."

"मग आणखी घे."

पाठीवर टर्रकन आवाज झाला. बाहेर हजार माणसं सांताच्या वाटेकडे डोळे लावून उलटे आकडे मोजायला लागली होती. मिसेस पेनरोझनी लुडकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या सडपातळ ब्रॅडलीकडे पाहिलं आणि उसासा टाकला.

"लुडविक, चाळीस वर्षं मी हा सोहळा बघतेय," त्या म्हणाल्या. "पण सांतासाठी माणूस फार जाड झाला, असं म्हणायची वेळ माझ्यावर आजवर आली नव्हती."