बळीरामशेठ कॉन्ट्रॅक्टरचं घर बघायला जातात

आगाशीच्या बाजारात बळीरामशेठचं भांड्यांचं दुकान. चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलं की माणसाची पारख आपोआप येते, असं त्यांचं म्हणणं. (म्हणणं कसलं, दुकान उघडल्यावर पहिल्या गिऱ्हाइकाला ते ऐकावंच लागायचं.) हंड्याला टिचकी मारावी. खणखणला तर घ्यावा, बद्द वाजला तर ठेवून द्यावा. माणसाचंही तसंच, फक्त टिचकी कुठे मारायची ते ठाऊक पाहिजे.

ही विद्या घरात वापरायची वेळ आणली त्यांच्या बायकोच्या, पुतळाबाईंच्या पाठीने.

त्यांच्या घरातला स्वयंपाकाचा ओटा बळीरामशेठच्या आईच्या मापाचा. आई जेमतेम साडेचार फूट. सून आली ती तिच्याहून दीड वीत उंच. सासूबाईंना जाऊन सोळा वर्षं झाली, पण पुतळाबाई अजून रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्यापुढे वाकत होत्या. एकतीस वर्षं वाकून वाकून पाठीने शेवटी संप पुकारला. डॉक्टरने पाठीचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाला, "बाई, गोळ्या मी देईन, पण ओटा तुम्हालाच बदलावा लागेल."

"ऐकलंत?" पुतळाबाईंनी विचारलं.

"ऐकलं," शेठ म्हणाले. हे ते बारा वर्षं म्हणत होते. पण या वेळी पुतळाबाईंना खुर्चीतून उठताना दाराचा आधार घ्यावा लागला, आणि ते शेठना दिसलं.

मुलगा अल्पेश विरारला फ्लॅटमध्ये राहतो. त्याने फोनवर सल्ला दिला, "पप्पा, ऑनलाइन रिव्ह्यू बघा. ज्याला जास्त स्टार तो घ्या."

"हॉटेल बघायचंय का मला?" शेठ म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दाढी करताना त्यांना युक्ती सुचली. ज्याचं स्वतःचं घर धड नाही, तो दुसऱ्याचं काय धड करणार? तेव्हा काम द्यायच्या आधी कॉन्ट्रॅक्टरचं घर बघायचं! या शोधाचा आनंद एवढा झाला की ब्लेड गालात घुसलं. (शकुन मानणाऱ्याने तिथेच थांबायला हवं होतं.)

पहिला आला नंदाखालचा डॉमनिक. अबोल माणूस, कानावर पेन्सिल. त्याने शेठना काही विचारलंच नाही. पुतळाबाईंना म्हणाला, "वहिनी, चपाती लाटता तशा उभ्या राहा. वाकू नका. हात कोपरात वाकवा." आणि त्यांच्या कोपराच्या चार बोटं खाली, स्वयंपाकघराच्या चौकटीवर त्याने एक रेघ मारली.

"हे काय?" शेठनी विचारलं.

"ओटा," डॉमनिक म्हणाला. "सात आठवडे लागतील. आणि इस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात मी हातोडा उचलणार नाय, ते आधीच सांगतो."

रविवारी शेठ पुतळाबाईंना घेऊन त्याच्या घरी थडकले. डॉमनिकच्या बायकोने, लुईझाने, हसून आत घेतलं, आणि शेठची नजर गेली थेट स्वयंपाकघरात. ओटा अर्धा. सिंक चार विटांवर टेकवलेलं, त्याच्या खाली बादली. एका भिंतीला लाद्या होत्या, दुसरीला नुसतं प्लास्टर, आणि नळाच्या जागी लाकडाची खुंटी मारलेली.

"काम किती दिवसांपासून चाललंय?" शेठनी विचारलं.

"दिवस?" लुईझा म्हणाली. "पाचवं वर्ष लागलं, शेठ! लोकांच्या घरची एक लादी हलली तर ह्या माणसाला घास जात नाय, आणि मी बादली उचलते. मागल्या आठवड्यात माझ्यासाठी नळ आणला. चांगला, चकचकीत. तेवढ्यात कुणा म्हातारीचा फोन आला, नळ तुटला म्हणून. माझा नळ तिच्याकडे लावून आला!"

डॉमनिक जमिनीकडे बघत म्हणाला, "रविवार होता. दुकानं बंद होती."

परतताना रिक्षात शेठनी निकाल दिला, "बद्द वाजला."

"मला बरा वाटला," पुतळाबाई म्हणाल्या. "एकतीस वर्सांत पहिल्यांदा कोनीतरी माझी उंची इचारली."

"अगं, पाच वर्षांत स्वतःचा ओटा नाही झाला त्याच्याच्याने! आपल्याला तर नातवंडांच्या लग्नात मिळेल."

दुसरा शत्रुघ्न, आचोळ्याचा. डोळ्यांवर गॉगल, हातात दोन फोन. शेठनी "तुमचं घर बघायचंय" म्हटल्यावर तो बिचकला तर नाहीच, उलट खूश झाला. "या ना शेठजी! घर म्हणजे आपला शोरूम."

आणि खरंच, काय घर होतं! हॉलच्या तीन भिंतींना तीन तऱ्हेच्या लाद्या. अर्धा ओटा हिरवा, अर्धा काळा. नळ एकेक वेगळा. शेठ हरखून गेले.

"बघ, याला म्हणतात हौस," ते कुजबुजले.

"अहो, एका भिंतीसारखी दुसरी भिंत नाय," पुतळाबाई तितक्याच हळू म्हणाल्या.

"त्याला डिझाइन म्हणतात."

"नि ह्या दारावर ॐ कोरलाय, त्या दारावर क्रूस, ते?"

"सर्वधर्मसमभाव," शेठ म्हणाले. (चाळीस वर्षांची पारख बोलत होती. तिच्यापुढे कोण काय बोलणार?)

"पंधरा दिवसांत ओटा," शत्रुघ्नने टाळीसाठी हात पुढे केला, "सोळाव्या दिवशी वहिनींच्या हातची पुरणपोळी. टेन्शन घेऊच नका."

माप घ्यायचं नाही का, असं पुतळाबाईंनी विचारलं. तो म्हणाला, "स्टँडर्ड असतं, वहिनी."

संक्रांत झाल्यावर काम सुरू झालं. जुना ओटा एका दिवसात जमीनदोस्त. पुतळाबाईंनी राडारोड्याच्या ढिगाकडे बघून हात जोडले. कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक. मग विरारची तीन दुकानं पालथी घालून त्यांनी लाद्या निवडल्या. पांढऱ्या, कोपऱ्यात सोनचाफ्याचं फूल. काळं ग्रॅनाइटही त्यांनीच पसंत केलं. टेम्पोतून सगळा माल उतरला, आणि उतरल्या दिवसापासून कमी होऊ लागला.

पंधरा दिवस झाले, तेव्हा भिंतीवर अकरा लाद्या होत्या.

"बाकीच्या?"

"फुटल्या, शेठजी. चायनाचा माल."

"गुजरातचा होता."

"तेच ना."

महिना झाला. ग्रॅनाइट "कापायला" गेलं. कुठे गेलं, ते शत्रुघ्न सांगेना. दीड महिन्यात विटांचे दोन खांब उभे राहिले. एक ओट्याचा होता, दुसरा कशाचा ते कुणालाच कळलं नाही. या सगळ्या दिवसांत पुतळाबाई ओसरीवर जमिनीला शेगडी मांडून स्वयंपाक करत होत्या. म्हणजे साडेचार फुटी सासूच्या ओट्यावरून त्यांची थेट जमिनीवर बदली झाली. डाळीत धूळ, भातात धूळ. शेठ जेवताना खोकायचे, आणि ताटावरून नजर उचलायचे नाहीत. संध्याकाळी पुतळाबाई दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उठायच्या, मग थोडा वेळ भिंतीला धरून उभ्या राहायच्या. बोलायच्या काहीच नाहीत. शेठना वाटायचं, बोलली असती तर बरं झालं असतं.

दहाव्या आठवड्यात शत्रुघ्नचे दोन्ही फोन बंद झाले. शेठ दुपारचं दुकान बंद करून आचोळ्याला गेले. घामाने निथळत जिने चढले. दार शत्रुघ्नच्या बायकोने उघडलं. साधी, हसरी बाई. "ते येतीलच इतक्यात. तोंड धुऊन घ्या, शेठजी, मी चहा टाकते."

शेठ न्हाणीघरात शिरले. तोंडावर पाणी मारलं, डोळे उघडले, आणि समोर सोनचाफा फुललेला. पांढऱ्या लाद्या, कोपऱ्यात फूल. भिंतभर. साबण ठेवायची फळी काळ्या ग्रॅनाइटची. सिमेंटचा वाससुद्धा अजून गेला नव्हता.

ते बाहेर आले. बाई कप घेऊन उभी. "कशी वाटली डिझाइन? आमच्या ह्यांनी मागच्याच आठवड्यात लावली. माझी किती दिवसांची हौस होती!"

चाळीस वर्षं गिऱ्हाइकाशी गोड बोलायची सवय. शेठच्या तोंडून निघून गेलं, "फार छान. फुलं उठून दिसतात." आणि त्यांनी चहाही घेतला. वर बिस्किटही.

शत्रुघ्न आला. "शेठजी! तुम्ही कशाला तकलीफ केली?"

"शत्रुघ्न, न्हाणीत माझ्या लाद्या आहेत."

तो जरासुद्धा दचकला नाही. "उरलेला माल, शेठजी. उरलेला माल कॉन्ट्रॅक्टरचा, लाइनमध्ये हीच पद्धत."

"उरलेला? अरे, माझी भिंत उघडी आहे अजून!"

"हां, मग भिंत उरली," शत्रुघ्न समजूत घालत म्हणाला. "तुम्ही नवीन माल टाका, तीपण करून टाकू. टेन्शन घेऊच नका."

शेठ उठले. दाराशी आल्यावर त्यांना ते घर पहिल्यांदा नीट दिसलं. हा कुणाचा तरी हॉल, ही कुणाची तरी मोरी, हे ॐचं दार एकाच्या देवघराचं, ते क्रूसाचं दुसऱ्याच्या. शत्रुघ्नच्या दोन खोल्यांत अर्धा तालुका राहत होता. पुतळाबाईंना ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं, तेही टिचकी न मारता.

घरी येऊन शेठनी सगळं सांगितलं. बिस्किट तेवढं वगळलं. पुतळाबाई शेगडीपाशी बसून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी भाताचा टोप उचलून शेठच्या पुढ्यात ठेवला.

"हा काय आहे?"

"टोप."

"बुडाला काय आलंय?"

"पोचा."

मग त्यांनी परात ठेवली. तिचा काठ वाकडा. डबा ठेवला, त्याचं झाकण दुसऱ्याच डब्याचं. कळशी, तिच्या भोकाला डाग देऊन बुजवलेलं. शेठभोवती भांड्यांचा बाजार मांडला गेला.

"जो माल दुकानात खपत नाय तो घरी. एकतीस वर्सं. एक टोप धड बघितला नाय मी. मग कोनी तुमचं घर बघून तुमच्या दुकानात पाय ठेवला असता?"

शेठना चार विटांवरचं ते सिंक आठवलं, आणि म्हातारीकडे गेलेला नळ.

नंदाखालला ते एकटेच गेले. पवित्र आठवडा चालू होता. डॉमनिक चर्चमधून येऊन अंगणात बसला होता. रिक्षात शेठनी माफीची चांगली पाच मिनिटांची तयारी केली होती. डॉमनिकने तोंड उघडूच दिलं नाही.

"चौकटीवरची रेघ आहे ना?"

"आहे."

"मग झालं. इस्टर झाला की सोमवारी येतो."

"सिंकचं काय झालं?" शेठनी चोरट्या आवाजात विचारलं.

"विचारा!" आतून लुईझा ओरडली. "विचारा त्याला!"

सात आठवडे म्हणाला होता, सात आठवडे आणि दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांबद्दल त्याने तीनदा माफी मागितली. शेठनी नव्याने आणलेल्या लाद्यांतल्या नऊ उरल्या, त्या त्याने कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आणि वर पेन्सिलने लिहिलं, 'वहिनींच्या.'

पहिल्या दिवशी पुतळाबाई नव्या ओट्याशी उभ्या राहिल्या. तांदळाच्या पिठाचा गोळा घेतला, थापायला लागल्या, आणि थांबल्या.

"अहो, इथून केळी दिसतात! वाडीतल्या!"

खिडकी तीच होती. एकतीस वर्षं तिथेच. पण वाकलेल्या माणसाला खिडकीतून दिसणार काय? शेठ चष्मा काढून पुसायला लागले. (धूळ असेल, असं त्यांनी ठरवलं. ती अजून पुरती गेली नव्हती.)

त्या रविवारी डॉमनिक आणि लुईझाला जेवायला बोलावलं. लुईझा ओट्यावरून हात फिरवत राहिली, आणि नवऱ्याकडे अशी बघत राहिली की तो जेवता जेवता दोनदा ठसकला. महिन्याभरात नंदाखालहून बातमी आली. लुईझाचं सिंक विटांवरून उतरलं. नळालाही पाणी आलं.

शेठनी निरोप धाडला, नव्या स्वयंपाकघराला नवी भांडी आपल्या दुकानातून, अगदी घरच्या भावात. आठ दिवस कुणी आलं नाही. नवव्या दिवशी शेठ गल्ल्यावर बसले होते, तर समोरून डॉमनिकची स्कूटर चालली होती. मागे टोपांची चळत बांधलेली, नवीकोरी, उन्हात डोळे दिपवणारी.

"डॉमनिक! अरे, थांब! ही कुठून घेतलीस?"

डॉमनिकने ब्रेक लावला. खाली बघत म्हणाला, "विरारहून."

"माझं दुकान मेलंय का?"

"नाय, शेठ. लुईझा म्हणाली, तुमचीच पद्धत बरी. आधी घर बघायचं, मग काम द्यायचं. ती तुमच्या घरी जेवली ना त्या रविवारी, तेव्हा तुमचे टोप बघितले तिने."

शेठ सवयीने उठले आणि वरच्या टोपाला टिचकी मारली. खणखणला. अगदी निर्दोष.

"माल चांगला आहे," ते कसेबसे म्हणाले.

"हो ना," डॉमनिक म्हणाला आणि दोरी सोडू लागला. "बरं झालं भेटलात, माझी फेरी वाचली. सगळ्यात खालचा, तो मोठा, तुम्हीच घरी घेऊन जा. वहिनींनी मागवलाय."