तळ्याकाठचे पोहे

शुक्रवारी सकाळी सात वाजता राजन खांबेटे तळ्याच्या काठावर पालथा पडून पाण्याचं तापमान घेत होता. थर्मामीटर घरातलाच होता, आभाचा ताप बघायचा, त्यामुळे तो पस्तीस अंशांच्या खाली काही सांगायला तयार नव्हता. राजनने वहीत अंदाजाने 'एकवीस' असं लिहिलं आणि त्याखाली ठासून दोन रेघा मारल्या. शास्त्रात अंदाजालाही जागा असते, असं त्याचं मत होतं.

अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या ज्या फॅब्रिकेशन कंपनीत राजन परचेस ऑफिसर होता, तिचे जनरल मॅनेजर हॅलोवेल साहेब इंग्रज होते. अबुधाबीत त्यांना सगळं मिळालं होतं, फक्त गावाकडचं तळं तेवढं राहिलं होतं. म्हणून त्यांनी स्टाफ कॉलनीतल्या क्लबच्या मागे शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं तळं बांधून घेतलं, त्यात कार्प मासे सोडले आणि दर मार्चमध्ये मासेमारीचा सामना सुरू केला. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला काठावरची एक जागा मिळायची. सात ते अकरा गळ टाकून बसायचं, मिळालेले मासे पाण्यात सोडलेल्या जाळीच्या पिशवीत जिवंत ठेवायचे आणि शेवटी वजन करून परत तळ्यात सोडून द्यायचे. ज्याचं वजन सगळ्यात जास्त, त्याचं नाव क्लबातल्या लाकडी पाटीवर सोनेरी अक्षरांत लागायचं.

त्या पाटीने राजनची झोप उडवली होती. अकरा वर्षं तो या कंपनीत होता. या काळात कॅरमच्या पाटीवर ड्रायव्हर लागले, सुरक्षिततेच्या पाटीवर वेल्डर लागले, रक्तदानाच्या पाटीवर कॅन्टीनचा आचारीसुद्धा लागला. 'खांबेटे' हे नाव मात्र पगाराच्या स्लिपखेरीज कंपनीत कुठेही छापलेलं नव्हतं. सामन्याचे नियम दरवर्षी तोच टाइप करायचा, पण टाइप करणाऱ्याचं नाव कोण लावतो?

या वर्षी, म्हणजे दोन हजार सालच्या मार्चमध्ये, त्याने स्वतःच उतरायचं ठरवलं. लायब्ररीतून कार्पवरचं जाडजूड पुस्तक आणलं, आलेखाच्या कागदावर वारा आणि मासा यांचा संबंध आखला आणि बर दुबईला जाऊन गळाची काठी घेतली.

"दीडशे दिरहम?" प्रमिलाने त्या दिवशी विचारलं होतं. "म्हणजे अठराशे रुपये. काठीला? आणि आपल्या घरात कधी अंडं तरी आलंय का?"

"अगं, खायचे नसतात. पकडायचे, वजन करायचं, सोडायचे. यात हिंसा नाही, निव्वळ अभ्यास आहे. जहूर रत्नागिरीचा असला तरी तो समुद्रवाला. तळ्याचा अभ्यास त्याला नाही."

जहूर म्हणजे स्टोअर्सचा सुपरवायझर आणि राजनचा जुना दोस्त. बाप-आजोबा होडीवाले, त्यामुळे कार्पला तो मासाच समजत नसे. दरवर्षी भाग मात्र घ्यायचा आणि दरवर्षी राजनपुढे त्या सामन्याला हसायचा.

तर राजनला चार नंबरची जागा मिळाली, जहूरला नऊ नंबरची, आणि हॅलोवेल साहेबांना चिठ्ठ्या टाकूनही नेहमीप्रमाणे एक नंबरची. एकूण बाराजण होते. सकाळी इतकं धुकं होतं की गळाच्या दोरीवर तरंगणारा स्वतःचा फ्लोट दिसत नव्हता. तासभर कुणालाच काही लागलं नाही.

"काय राजनभाई, काय म्हणतो तुझा अभ्यास?" धुक्यातून जहूरचा आवाज आला.

"धुकं विरेपर्यंत मासा तळाशी असतो," राजन धुक्याला म्हणाला. "आठनंतर बघ."

आणि खरंच, आठ वाजता धुकं विरू लागलं. त्याच सुमारास प्रमिला आभाला घेऊन तळ्यावर आली. सगळे सकाळपासून उपाशी बसले असतील म्हणून तिने मोठा स्टीलचा डबा भरून कांदेपोहे आणले होते. साहेबांचा मान पहिला, म्हणून ती आधी एक नंबरच्या जागेवर गेली, घट्ट बसलेल्या झाकणावर चमच्याने टक टक टक करून ते सैल केलं आणि साहेबांना बशी भरून दिली. साहेबांनी पहिला घास घेतला न घेतला तोच त्यांचा फ्लोट बुडाला. दीड किलोचा कार्प होता.

राजनने घड्याळ बघून वहीत नोंद केली. प्रमिला दोन नंबरच्या फिलिपिनो फोरमनकडे वळली. टक टक टक. दोन मिनिटांत त्यालाही मासा लागला.

"बघितलंस?" राजन शेजारच्या पाच नंबरवाल्याला म्हणाला. "ऊन पूर्वेकडून येतंय. पाणी तापेल तसा मासा इकडे सरकणार. एक, दोन, आता तीन, मग चार."

तीन नंबरवाल्याला पोहे मिळाले आणि मासाही मिळाला. राजनने काठी दोन्ही हातांनी धरली, पाय रोवले आणि श्वास रोखला. प्रमिला त्याच्याजवळ आली.

"तुमचं घरी झालंय," ती म्हणाली आणि पुढे पाच नंबरकडे गेली.

टक टक टक. पाच नंबरवाल्याचा फ्लोट गडप झाला. राजन आपल्या वहीतल्या आलेखाकडे पाहत राहिला. चारावरून उडी मारणारं ऊन त्याच्या पुस्तकात कुठेही नव्हतं.

नऊच्या सुमाराला वारा फिरला. वाळवंटाकडून धूळ उठली आणि तळ्याचं पाणी पिवळट दिसायला लागलं. सगळ्यांच्या पोह्यांत थोडी थोडी वाळू गेली. आता वारा लागत नाही त्या काठाला मासा जाणार, असं राजनने जाहीर केलं. मासे गेले ते नऊ नंबरकडे, म्हणजे अगदी वाऱ्याच्या तोंडावर, आणि प्रमिलाही नेमकी तिथेच उभी होती. जहूरने लागोपाठ दोन कार्प ओढले. तो होडीवाल्याचा नातू. त्याने आकाशाकडे पाहिलंच नाही, पाण्याकडे पाहिलं. काठाने चालणाऱ्या बाईच्या मागोमाग पाण्याखालून वळवळत येणारी काळी रांग त्याने बरोबर हेरली.

"वहिनी, काय पोहे केलेत," तो म्हणाला. "अजून एक बशी द्या. आणि जरा बसा ना. डबा खाली ठेवा, पाण्याजवळच ठेवा."

हळूहळू बाकीच्यांच्याही लक्षात आलं. मग काठावरून प्रमिलाला जी हाक सुरू झाली ती थांबेना. "भाभीजी, इधर भी." "मॅडम, थोडा और." एका केरळी इंजिनियरने तर चक्क आपली खुर्ची तिला दिली. प्रमिलाला वाटलं, पोहे खरंच फर्मास झालेत. ती लाजत, हसत, झाकण वाजवत काठावरून फिरत राहिली आणि तळ्यातले सगळे मासे तिच्यामागे वरात काढून फिरत राहिले. चार नंबरला मात्र पाण्यावर साधा बुडबुडाही आला नाही. राजनने वहीत 'वारा अनाकलनीय' असं लिहिलं.

शेवटी आभाच त्याच्याजवळ येऊन बसली. "बाबा, इट्स नॉट द विंड. दे आर फॉलोइंग आईज् डबा."

"काय?"

"शी फीड्स देम. एव्हरी फ्रायडे मॉर्निंग. व्हेन यू आर स्लीपिंग."

मग आभाने सगळं सांगितलं. मुलाची, म्हणजे वेदांगची, दहावी. डोंबिवलीच्या जोशी गुरुजींनी फोनवर सांगितलं होतं, वर्षभर दर शुक्रवारी माशांना कणकेच्या गोळ्या घाला, मुलगा पार पडेल. नवरा थट्टा करील म्हणून प्रमिलाने त्याला सांगितलं नव्हतं. गुडघ्यांसाठी फिरायला जाते, एवढंच म्हणाली होती. आणि दर शुक्रवारी झाकण वाजवून ती तळ्यातलं सगळं गोत जमा करत होती.

राजनचा अभिमान मिनिटभर घायाळ झाला, पण लगेच उठूनही बसला. मासे आपल्या घरचे आहेत, मग पाटीवर नाव आपलं नाही तर कुणाचं लागणार?

"प्रमिला," त्याने हाक मारली. "इकडे ये जरा. डबा घेऊन ये."

ती जहूरकडून निघाली. नेमका त्याच वेळी जहूर नव्या माशाच्या ओठातून गळ काढत होता. प्रमिला जागच्या जागी थांबली. इतका वेळ तिचं लक्ष बशांकडे होतं, आणि मासे आमिषाला नुसते चिकटून वर येतात असं तिला वाटत होतं. तिने गळ पाहिला, माशाचं तोंड पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला.

"हे असं?" ती राजनकडे वळली. "अहो, वर्षभर मी यांना भरवलंय. माझ्या भरवशावर आलेत ते काठाला. आणि तुम्ही त्यांना काटा टोचताय?"

"अगं, त्यांना फारसं लागत नाही. पुस्तकात लिहिलंय—"

"पुस्तक माशाने लिहिलंय का?"

एवढं बोलून ती डबा उचलून तळ्याच्या पार पलीकडच्या टोकाला गेली. तिथे लव्हाळी होती, जागेचे नंबर नव्हते, म्हणून गळ टाकायला बंदी होती. ती दगडावर बसली आणि रागाने झाकण बडवू लागली. पाच मिनिटांत तळ्यातला एकूण एक मासा लव्हाळ्यात पोचला. वर ढग आले, चार थेंब पडले, परत ऊन आलं. बारा फ्लोट पाण्यावर निवांत डुलत राहिले. साहेब डोळ्यांवर हात धरून आभाळ निरखत होते आणि वसंतातल्या लहरी हवेला इंग्रजीत दोष देत होते.

साडेदहा वाजले. सगळ्यांच्या जाळीत काही ना काही होतं. सगळ्यात जास्त जहूरच्या जाळीत, साडेचार किलो. रिकामी जाळी एकच होती. राजन काठी ठेवून लव्हाळ्यापर्यंत चालत गेला आणि बायकोच्या शेजारी दगडावर बसला.

"अकरा वर्षं झाली, प्रमिला," तो म्हणाला. "कुठल्याच पाटीवर आपलं नाव नाही. आभाला मैत्रिणी विचारतात, तुझे बाबा काय करतात? ती सांगते, ते खिळे विकत घेतात."

"घेता तर खिळेच."

"घेतो. पण एकदा तरी तिला दुसरं काही सांगता यावं असं वाटतं."

प्रमिलाने त्याच्याकडे पाहिलं. धुळीने त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि शर्टाच्या खिशात आभाचा थर्मामीटर होता. तिला त्याची दया आली आणि थोडी लाजही वाटली, कारण सगळ्या काठाला पोहे देऊन तिने फक्त यालाच वगळलं होतं.

"एकच मासा," ती म्हणाली. "आणि काटा मी सांगीन तसा काढायचा. हळू."

अकराला दहा मिनिटं कमी असताना ती चार नंबरवर उभी राहिली. टक टक टक. पाणी उकळल्यासारखं झालं. राजनच्या हातातली काठी कमानीसारखी वाकली. तो पुस्तकातलं सगळं विसरला आणि नुसता ओढत राहिला. प्रमिला मागून "हळू, अहो, हळू" म्हणत होती आणि आभा दोघांचे कपडे धरून उभी होती. बाहेर आला तो सहा किलो दोनशे ग्रॅमचा कार्प. प्रमिलाने त्याला ओळखलं. गोळ्यांच्या वेळी सगळ्यांना ढकलून पुढे येणारा तो हाच होता.

तराजूपाशी टाळ्या झाल्या. तळं बांधल्यापासून एवढा मोठा मासा कुणी पाहिला नव्हता. साहेबांनी राजनचा हात हातात घेऊन विचारलं, याचं रहस्य काय? राजनने घसा साफ केला, एकवीस अंश तापमानापासून सुरुवात केली आणि वाऱ्याच्या तीन दिशा समजावून सांगितल्या. आयुष्यात पहिल्यांदाच साहेब त्याचं बोलणं न थांबवता ऐकत होते. मग साहेबांनी प्रमिलाचंही अभिनंदन केलं आणि एवढा धष्टपुष्ट मासा पाहून तिलाही आनंद झालाच असेल, असं म्हणाले.

"ऑफ कोर्स, सर," प्रमिला मनापासून म्हणाली. "फुल वन इयर आय ॲम फीडिंग. एव्हरी फ्रायडे हाफ किलो आटा."

साहेबांनी खिशातून नियमांचा कागद काढला. नियम नऊ: स्पर्धक किंवा त्याच्या कुटुंबीयांनी सामन्याआधीच्या पंधरा दिवसांत तळ्यात खाद्य टाकल्यास स्पर्धक बाद. 'कुटुंबीय' हा शब्द आधी नव्हता. एका वेल्डरच्या भावाने पाव टाकले, तेव्हा राजननेच तो सुचवून घातला होता आणि त्याबद्दल आठवडाभर स्वतःची पाठ थोपटून घेतली होती; आज मात्र तो त्याला आठवलाच नव्हता.

"हा नियम कुणी टाइप केला?" साहेबांनी विचारलं.

"मीच, सर," राजन म्हणाला.

सोनेरी अक्षरांत जहूरचं नाव लागलं. बिचारा जुम्म्याच्या नमाजाला जाताना राजनच्या खांद्यावर हात ठेवून गेला. "राजनभाई, सच सांगतो, ही पाटी वहिनीची. मी नुसता पोहे खाल्ले." राजन घरी गेला आणि काठी पलंगाखाली सारून भिंतीकडे तोंड करून झोपला. प्रमिलाने त्याला जेवायलाही उठवलं नाही.

पण साहेब मासेवेडा माणूस. रात्रंदिवस त्यांच्या डोक्यात तो सहा किलोचा कार्प घोळत होता. इंग्लंडहून मागवलेलं महागडं खाद्य घालून जे चार वर्षांत झालं नव्हतं, ते अर्ध्या किलो कणकेने वर्षात झालं होतं. आठवड्याने त्यांनी राजनला केबिनमध्ये बोलावलं आणि एका पाटीचा मजकूर टाइप करायला सांगितला. राजन टाइप करायला बसला आणि दुसऱ्या ओळीवर त्याची बोटं थांबली.

पाटी तळ्याच्या काठावर, रस्त्यालगत उभी राहिली, माणसाच्या उंचीची, पत्र्याची, वर अरबी आणि खाली इंग्रजी. तळ्यात खाद्य टाकण्यास सर्वांना सक्त मनाई आहे. अपवाद फक्त मिसेस पी. खांबेटे. सामन्याच्या दिवशी मिसेस खांबेटे यांनी डब्यासह पार्किंगच्या पलीकडे थांबावे. हुकमावरून, जनरल मॅनेजर.

प्रमिलाने पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि डोंबिवलीला तीन प्रती पाठवल्या. राजन दर शुक्रवारी पहाटे उठू लागला. कणीक तोच मळायचा, कारण पाण्याचं प्रमाण प्रमिलाला शास्त्रशुद्ध जमत नाही, असं त्याचं मत पडलं. जहूरचं नाव क्लबातल्या अंधाऱ्या बोळात टांगलेलं होतं. खांबेट्यांचं मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ट्रकला दिसत होतं. आलेल्या पाहुण्यांना राजन आधी तिथे न्यायचा, मग घरी.

मे महिन्यात कंपनीत एक नवा पठाण ड्रायव्हर आला. खिळ्यांची बिलं घेऊन तो परचेसमध्ये शिरला, टेबलावरचं नाव त्याने एकेक अक्षर जुळवून वाचलं आणि त्याचे डोळे चमकले.

"खांबेटे? अच्छा, वो मछलीवाली मॅडम के हजबंड आप हैं?"

राजन खुर्चीतून उठला, शर्टाची कॉलर नीट केली आणि त्याच्याशी हात मिळवला.

"जी हां," तो म्हणाला. "मैं ही हूं."