मधल्या भिंतीचा दावा

ज्ञानदेवआबांनी खुटबावातल्या नव्या घराचं दार उघडलं, बाहेरची खोली ओलांडली, स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि तिथंच घर संपलं. पुढं सपाट भिंत! आबा बाहेर आले, घराला वळसा घातला. मागच्या अंगाला तस्संच दुसरं दार, तश्शीच खोली, तसंच स्वयंपाकघर. सांगितलं होतं एक घर, आणि कंत्राटदार पोपटरावानं पाठीला पाठ लावून बांधली होती दोन.

"पोपटराव, हे काय करून ठेवलंय?"

"काय म्हंजी? करारात काय लिवलंय? दौंडच्या रेल्वे क्वार्टरसारखं हुबेहूब. म्या सोता जाऊन बिल्डिंग मापली. तिथं दोन दारं, हितं दोन दारं."

"अवो, ती जोडक्वार्टर हाय! एक आमची, एक शेजाऱ्याची!"

"मग तसं लिवायचं न्हाई व्हय?"

'हुबेहूब' हा शब्द आबांचाही नव्हता, त्यांच्या बायकोचा, पार्वतीबाईंचा होता. सगळा संसार त्या क्वार्टरात झाला, तर म्हातारपणही तसल्याच घरात जाऊ दे, एवढाच बाईंचा हट्ट. बांधकाम चाललं होतं तेव्हा आबा दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून होते. इकडं बघायला फुरसत कुणाला? घर पुरं झालं आणि बाई गेल्या. मुलगा विनोद सुरतेला. आता एकट्या माणसाला एक चूल पेटवायचा कंटाळा, तिथं दोन स्वयंपाकघरं! आबांचं डोकंच फिरलं. त्यांनी तेजश्री वकीलबाईंना गाठलं आणि पुण्याच्या ग्राहक कोर्टात दावा ठोकला: मधली भिंत पाडून एक घर करून द्या.

कोर्टानं फर्मावलं, निकाल लागेपर्यंत घर आहे तसं राहू द्या, कुणी कशाला हात लावायचा नाही. पोपटरावाच्या सेंट्रिंगच्या प्लेटा आणि काँक्रीटचा मिक्सर मागल्या घरात पडून होता. "हात लावायचा न्हाई म्हंजी न्हाई," असं म्हणून त्यानं सामान तिथंच ठेवलं, आणि ते चोरीला जाऊ नये म्हणून गेणबा नावाचा राखणदार बायको भागुबाईसकट आणून बसवला.

आबांचा नुसता जळफळाट झाला. आपल्या घरात बिऱ्हाड कुणाचं, तर शत्रूच्या राखणदाराचं! भिंतीपलीकडं कुकरच्या शिट्ट्या, रेडिओ, गेणबाचा खोकला आणि "तंबाखू सोडा म्हनलं तर कानावर घेत न्हाई मानूस," हा भागुबाईचा रोजचा पाढा. आबा कानात कापूस घालून झोपायचे.

मग एकदा आबा तापानं फणफणले. दिवसभर घरात भांडं वाजलं नाही, तशी भिंतीवर धपधप झाली. "आबा, अवो आबा! हायसा का?"

क्वार्टरात असताना पार्वतीबाई अश्शीच लाटण्यानं भिंत ठोकून शेजारणीला हाका मारायच्या. त्या गेल्यापासून आबांना कुणी भिंत ठोकून विचारलं नव्हतं, आणि दार ठोकूनही नाही. म्हातारा उशीत तोंड खुपसून लहान पोरासारखा रडला. भागुबाई वळसा घालून पेज घेऊन आली.

तेव्हापासून मोठी मजा सुरू झाली. तारखेला आबा पुण्याला जाऊन भिंतीविरुद्ध तावातावानं भांडायचे आणि संध्याकाळी तिच्याच पलीकडून आलेल्या कालवणात भाकरी कुस्करायचे. कापूस कधीच फेकला होता. खोकला ऐकू आला नाही की झोप लागेना.

आणि मग घात झाला. आबा जिंकले! पोपटरावानं सामान हलवावं, भिंत पाडावी, असा निकाल. वकीलबाईंनी पेढा हातावर ठेवला, तो आबांनी न खाताच खिशात घातला. घरी आले तर भागुबाई बोचकं बांधत होती.

"निघालीस व्हय गं?"

"सामान हलल्यावं राखण कशाची करायची, आबा? शिरूरला नवी साईट हाय. पगार तिथं, आमी तिथं."

त्या रात्री आबा जेवले नाहीत. सकाळी पहिली जीप पकडून तळेगाव ढमढेऱ्याला पोपटरावाच्या दारात हजर.

"जय भीम, आबा," पोपटराव ओशाळून म्हणाला. "चुकलं माझं. उद्याच गडी लावून भिंत पाडतो."

"चुकलं? कोन म्हनतं चुकलं?" आबा कडाडले. "करारात काय लिवलं हुतं?"

"हुबेहूब."

"तुमी बिल्डिंग मापली का न्हाई?"

"मापली की."

"दोन दारं व्हती का न्हाई?"

"व्हती!"

"मग धडधडीत अन्याव झालाय तुमच्यावर! आन् तुमी मुकाट गडी लावताय? वर अपील करा, अपील!"

पोपटरावानं डोकं खाजवलं. "आबा, तुमी माझ्या बाजूनं हायसा का इरुद्ध?"

"इरुद्धच! मरेस्तवर लढनार तुमच्याशी. पन तुमी उभं तर ऱ्हावा!"

पोपटरावाचा स्वाभिमान जागा व्हायला एवढं पुरे होतं. त्यानं मिशीवर हात फिरवला आणि अपील ठोकलं. निकालाला स्थगिती मिळाली. भिंत जागच्या जागी, मिक्सर जागच्या जागी, आणि बोचकं सुटलं.

वकीलबाईंना मात्र फार वाईट वाटलं. "आबा, धीर सोडू नका," त्या समजावू लागल्या. "दोन वर्षांत निकाल पुन्हा आपल्याच बाजूनं लागेल, बघा."

"दोनच वर्षांत?" आबांचा चेहरा पडला. "जरा लांबवता न्हाई का येनार, ताई?"